विद्यापीठाच्या नाट्य-इतिहासात 'युगयात्रा' कुठे आहे?

एप्रिल २०२५ मध्ये भरतमुनींच्या नाट्यशास्त्राची नोंद युनेस्कोच्या 'मेमरी ऑफ द वर्ल्ड' या जागतिक यादीत झाली. भगवद्गीतेची नोंदही त्याच वेळी झाली. देशभर अभिनंदनाचा वर्षाव झाला. त्याच्या आधीच नव्या शैक्षणिक धोरणाने 'भारतीय ज्ञान प्रणाली' हा विषय पदवीच्या वर्गात आणून ठेवला होता. महाराष्ट्रातल्या संलग्नित महाविद्यालयांत हे धोरण २०२४-२५ पासून लागू झाले. म्हणजे बीड, गेवराई, माजलगाव किंवा अंबाजोगाईच्या महाविद्यालयात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला बसलेल्या आपल्या मुलामुलींना 'भारतीय नाट्यपरंपरा' या नावाखाली काहीतरी शिकवले जाणार आहे. प्रश्न एवढाच आहे की त्यात काय असेल आणि काय नसेल.

बीड जिल्ह्यातल्या तरुणांच्या अभ्यासवर्गांत आम्ही एक साधा प्रश्न विचारत आलो आहोत : आपल्या विद्यापीठात नाटक कधी सुरू झाले? बहुतेक जण गप्प बसतात. ज्यांना थोडीफार माहिती असते ते सांगतात, नाट्यशास्त्र विभाग निघाला तेव्हा. एखादा 'वऱ्हाड निघालंय लंडनला'चे नाव घेतो. 'युगयात्रा' हे नाव मात्र क्वचितच कुणाच्या तोंडी येते. ज्या मुलांच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, जी दर १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर माथा टेकवायला जातात, त्यांनाही हे नाव माहीत नसते. हा दोष त्या मुलांचा नाही. त्यांना ते कुणी सांगितलेलेच नाही.

म्हणून आधी तो इतिहास सांगू.

मराठवाडा विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ ची. पण मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याच्या हाती रंगमंच आला तो त्याच्याही आधी, नागसेनवनात. निजामी राजवटीत इथल्या माणसाला उच्च शिक्षणासाठी हैदराबाद गाठावे लागे. तेही ज्याच्या घरात पैसा आणि जात दोन्ही होते त्यालाच जमे. १९५० साली बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. मिलिंद आणि नागसेन ही नावे ठेवण्यातच एक संवाद आहे : राजा प्रश्न विचारतो, भिक्खू उत्तर देतो. नाट्य म्हणजे तरी दुसरे काय असते?

या महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले. १९५५ मध्ये मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी ते केले. पुराणकाळापासून आजपर्यंत अस्पृश्य माणसाच्या वाट्याला काय आले, याचा प्रवास त्यात आहे. बाबासाहेबांनी हे नाटक पाहिले. पुढे १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षा सोहळ्याच्या वेळी त्याचा प्रयोग झाला. जगात अशी किती विद्यापीठे असतील, ज्यांच्या परिसरात जन्मलेले विद्यार्थ्यांचे नाटक लाखोंच्या धर्मांतराच्या पर्वात सामील झाले? दलित रंगभूमीचा अभ्यास करणारे बहुतेक अभ्यासक सुरुवात इथूनच धरतात. आपल्या विद्यापीठाने मात्र ही स्वतःची सुरुवात म्हणून कधी मिरवलेली नाही.

एक योगायोग इथे नोंदवायलाच हवा. जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' लिहिले ते १८५५ मध्ये. अडाणी कुणबी जोडप्याला जोशी कसा लुबाडतो आणि शिक्षणाने त्यांचे डोळे कसे उघडतात, हे त्या नाटकाचे सूत्र. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले आणि त्यानंतर ते छापून यायला १९७९ साल उजाडले. सव्वाशे वर्षे ते नाटक कागदातच राहिले. 'तृतीय रत्न'नंतर बरोबर शंभर वर्षांनी 'युगयात्रा' आले. मधल्या काळात सत्यशोधक जलसे झाले, १९३० च्या दशकापासून भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले. गण-गवळण मोडून, कृष्ण आणि गवळणीच्या जागी शाळा, पाणवठा, मेलेले ढोर ओढायला दिलेला नकार हे विषय घेऊन तीच ढोलकी वाजली. दर ५ नोव्हेंबरला महाविद्यालयांत मराठी रंगभूमी दिन साजरा होतो, विष्णुदास भाव्यांच्या 'सीता स्वयंवर'ची आठवण निघते. निघावी, त्याबद्दल तक्रार नाही. पण १८४३ नंतर त्या भाषणातली उडी थेट संगीत नाटकांवर जाते आणि तिथून मुंबई-पुण्यावर. फुले, जलसा, नागसेनवन ही तिन्ही ठाणी वगळून गाडी पुढे निघून जाते.

विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आला १९७० च्या दशकात. राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून शिकून आलेले कमलाकर सोनटक्के यांनी त्याचा पाया घातला. मराठवाड्यासारख्या भागात, जिथे व्यावसायिक नाटक चुकून कधी येई, तिथे अभिनय, दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना हे विषय पदवीसाठी शिकवले जाणे ही साधी गोष्ट नव्हती. पुढे विभागप्रमुख झालेल्या लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' एकट्याच्या अंगावर पेलले आणि मराठवाड्याची बोली महाराष्ट्रभर नि परदेशात नेली. आज तोच प्रयोग आपल्या माजलगावचे संदीप पाठक करतात. आम्हालाही ते वऱ्हाड आवडते, पोट धरून हसतो. पण त्या गावाच्या हशात वेशीबाहेरच्या वस्तीचा आवाज आम्हाला फारसा ऐकू येत नाही, हेही म्हटले पाहिजे.

तो आवाज विभागात आला रुस्तुम अचलखांब यांच्यासारख्यांमुळे. 'गावकी' या आत्मकथनाचे लेखक, तमाशा आणि लोकरंगभूमीचे अभ्यासक, आणि याच विभागातले प्राध्यापक. त्यांच्या असण्याचा अर्थ आज नीट समजून घ्यायला हवा. तमाशा ही ज्यांच्या अंगावर जातीने लादलेली कला होती, त्यांच्यातला एक माणूस विद्यापीठात येऊन तीच कला अभ्यासाचा विषय म्हणून शिकवू लागला. जे गावात बलुत्यासारखे करावे लागे, ते वर्गात ज्ञान म्हणून मांडले गेले. समाजशास्त्राच्या पुस्तकांत 'सांस्कृतिक भांडवल' वगैरे शब्द आम्ही पाठ केले, पण त्याचे इतके सोपे उदाहरण शोधून सापडत नाही.

आता त्याच दशकाची दुसरी बाजू. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. घरे जळाली, माणसे मारली गेली, बीड जिल्हाही त्यातून सुटला नाही. पुढची सोळा वर्षे, १४ जानेवारी १९९४ पर्यंत, नामांतराची लढाई चालली. म्हणजे विभागात अभिनयाचे धडे चालू होते त्याच काळात विद्यापीठाच्या नावावरून खरेखुरे नाट्य रस्त्यावर घडत होते : लाँग मार्च, तुरुंग, शाहिरांच्या रात्र-रात्र चाललेल्या सभा. वामनदादा कर्डकांची गाणी ऐकून घरी परतणारा माणूस हासुद्धा प्रेक्षकच होता. या रस्त्यावरच्या रंगमंचाचा इतिहास विद्यापीठाच्या नाट्य-इतिहासात धरायचा की नाही? आमच्या मते धरल्याशिवाय तो इतिहास अर्धाच राहतो.

त्या धगीतूनच लेखक उभे राहिले. औरंगाबादच्या प्रकाश त्रिभुवन यांचे 'थांबा, रामराज्य येतंय' हे नाव आज उच्चारले तरी काय होईल, याची कल्पना करून पाहा. नांदेडच्या दत्ता भगत यांचे 'वाटा पळवाटा' हे तर आंबेडकरी चळवळीच्या तीन पिढ्यांमधले भांडण आहे. बाबासाहेबांसोबत चाललेले काका, प्राध्यापक झालेला सतीश आणि पँथरच्या रक्ताचा अर्जुन. यात कुणीच पूर्ण बरोबर नाही आणि कुणीच खोटा नाही. आपल्या विहारात होणाऱ्या बैठकांत आजही हेच तीन आवाज एकमेकांवर चढत असतात. ज्या कार्यकर्त्याने हे नाटक वाचलेले नाही त्याने आधी ते वाचावे, मग समोरच्याला दलाल म्हणावे.

बीडच्या मुलामुलींच्या हाती यातले काय पोहोचते, ते आता पाहू.

१९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले, मराठवाडा दोन विद्यापीठांत वाटला गेला आणि बीड छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाकडे राहिला. बीड शहर तिथून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, अंबाजोगाई-परळी त्याहून कितीतरी लांब. (१७ सप्टेंबर २०२५ ला बीडला रेल्वे आली, पिढ्यान्‌पिढ्यांची मागणी पुरी झाली, पण ती जाते अहिल्यानगरला.) नाट्यशास्त्र हा विषय जिल्ह्यातल्या मोजक्याच महाविद्यालयांत आहे. बाकीच्या ठिकाणी नाटक म्हणजे वार्षिक गॅदरिंग आणि विद्यापीठाचा युवक महोत्सव. एकांकिका, प्रहसन, मूकाभिनय, नक्कल अशा स्पर्धा असतात. संघ जातो, शाहिरीत किंवा लोककलेत बक्षीस घेऊन येतो, फोटो छापून येतो.

या संघात कोण असते? तालीम संध्याकाळी असते. खेड्याकडे जाणारी शेवटची एसटी निघून जाते. मुलींचा प्रश्न तर विचारायलाच नको. त्यात आपला जिल्हा ऊसतोड कामगारांचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघून जातात. मागे राहिलेल्या पोरीला धाकट्या भावंडांचा स्वयंपाक, म्हातारीचे औषध आणि शेळी सांभाळायची असते. तालमीचा आणि महोत्सवाचा हंगाम, आणि घराची आवराआवर करून आई-बाप निघण्याचा हंगाम जवळजवळ एकच. यामुळे संघात उरतात ती शहरातली, दुचाकी असलेली, घरून परवानगी मिळालेली मुले. कुणी जातीचे नाव घेऊन कुणाला बाहेर काढत नाही. तशी गरजच पडत नाही.

आणि जे आत येतात त्यांचे काय? आमच्या ओळखीच्या एका संघाने स्मशानभूमीच्या वादावर एकांकिका लिहिली होती. गावातल्या दलित वस्तीत मयत होते, पाऊस आहे, वस्तीला स्वतःची जागा नाही, गावाच्या जागेत जाळू देत नाहीत. आपल्या भागातल्या पोरांना हे काही कल्पनेतून रचावे लागले नाही. महाविद्यालयातून सांगण्यात आले, विषय चांगला आहे, पण परीक्षकांना जड जाईल. संघाने शेवटी मोबाइलच्या व्यसनावर विनोदी प्रहसन केले. त्यात वस्तीतल्या मुलाला दारुड्याची भूमिका मिळाली, आणि ती त्याने झकास केली असे सगळे म्हणाले. त्या मुलाने पुढच्या वर्षी नाव दिले नाही.

पण सगळा दोष बाहेर ढकलून आपल्याला मोकळे होता येणार नाही. आपल्या घरांतूनही नाटकाला विरोध आहे आणि त्या विरोधाला कारण आहे. नाचणे, गाणे, हलगी वाजवणे, पोतराज होऊन अंगावर कोरडा ओढून घेणे ही कामे आपल्या माणसांनी हौसेने केली नाहीत. याच जिल्ह्यात पोतराजाच्या घरात जन्मलेले एकनाथ आवाड पुढे मानवी हक्क अभियानाचे नेते झाले, आणि त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. त्यांच्या पिढीने ज्या वेशातून स्वतःला सोडवले, त्या वेशाकडे नातवाने 'लोककला' म्हणून परत जावे, हे आजोबांना कसे रुचेल? तमाशातून आलेली पठ्ठे बापूरावांची देणगी बाबासाहेबांनी नाकारली, ही आठवण चळवळीत सांगितली जाते तीही याच संदर्भात. युवक महोत्सवाच्या लोककला विभागात पोतराज, वासुदेव उभा राहतो तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांना तो नमुना दिसतो. आपल्याला त्यात आजोबा दिसतो. हा फरक आयोजकांना समजावून सांगावा लागेल, नुसते रागावून भागणार नाही.

दुसरा विरोध धम्माच्या नावाने होतो. काही उपासक म्हणतात, अष्टशीलात नृत्य, गीत, वाद्य, खेळ-तमाशे पाहण्यापासून दूर राहायला सांगितले आहे, मग विहारात नाटक कशाला? अष्टशील उपोसथाच्या दिवशी घ्यायचे असते आणि गृहस्थाचे रोजचे शील पाच आहेत, हे उत्तर पुरेसे आहे. पण यापेक्षा खोल जाणारी गोष्ट त्रिपिटकात आहे आणि ती टाळण्यात अर्थ नाही. संयुत्त निकायात तालपुट नावाचा नटांचा म्होरक्या भगवंतांना विचारतो, लोकांना हसवणारा नट मेल्यावर हसऱ्या देवांच्या लोकात जातो, हे खरे का? भगवंत दोनदा उत्तर टाळतात. तिसऱ्यांदा सांगतात की असे होत नाही, उलट अधोगती होते. कारण जे लोक आधीच राग, द्वेष, मोहाने बांधलेले आहेत, त्यांना नट त्याच गोष्टी दाखवून आणखी बांधतो. तालपुट रडतो, देवलोक हुकला म्हणून नव्हे, तर पूर्वीच्या नटाचार्यांनी इतकी वर्षे फसवले म्हणून. पुढे तो भिक्खू होतो, अर्हत होतो, आणि थेरगाथेत त्याच्या गाथा आहेत.

आम्ही याचा अर्थ असा लावतो की भगवंतांची हरकत प्रेक्षकाला आणखी बांधून टाकणाऱ्या खेळाला होती. टीव्हीवरच्या मालिका आणि निवडणुकीच्या तोंडावर येणारे काही सिनेमे या कसोटीवर घासून पाहा. 'युगयात्रा' घासून पाहा. बाबासाहेबांनी नाटक बघताना उपोसथाचा भंग होतो का हा प्रश्न विचारला नव्हता.

भिक्खूंनी नाटके लिहिलीही आहेत. अश्वघोष हा 'बुद्धचरित'चा कवी, कालिदासाच्या आधीचा. त्याचे 'शारिपुत्रप्रकरण' हे नऊ अंकी नाटक सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांच्या संघप्रवेशावर आहे. जर्मन संशोधकांना मध्य आशियात ताडपत्रांचे तुकडे सापडले, हाइनरिख ल्यूडर्स यांनी ते १९११ मध्ये प्रसिद्ध केले. आज हाती असलेल्या सर्वांत जुन्या संस्कृत नाटकांमध्ये ते मोडते. दोन ब्राह्मण तरुण वर्णाचा विचार बाजूला ठेवून धम्माकडे येतात, हा त्याचा विषय. 'भारतीय ज्ञान प्रणाली'च्या तासाला भरतमुनी येणार असतील तर अश्वघोषही आला पाहिजे, ही मागणी आपण लेखी करायला हवी. ती करायला कुणाची परवानगी लागत नाही आणि तिला नाही म्हणायला समोरच्याकडे कारण नाही.

नाट्यशास्त्र सुद्धा आपण वाचायला हवे. त्याच्या पहिल्या अध्यायात सांगितले आहे की वेद शूद्रांना ऐकता येत नाहीत म्हणून सर्व वर्णांसाठी पाचवा वेद, नाट्यवेद, निर्माण केला. भाषणांत एवढेच सांगितले जाते. शेवटच्या अध्यायात काय आहे ते सांगत नाहीत. तिथे भरताच्या मुलांनी ऋषींची टिंगल करणारा प्रयोग केला आणि ऋषींनी त्यांना शाप दिला की तुमचा वंश शूद्र होईल. सत्ताधाऱ्यांची नक्कल केली की नटाची जात खाली घसरते, हे त्या ग्रंथानेच नोंदवून ठेवले आहे. पुढे धर्मशास्त्रांनी नटाला पंक्तीबाहेर बसवले ते उगाच नाही. हा ग्रंथ जागतिक वारसा झाला हे चांगलेच झाले, आता तो पूर्ण शिकवा.

हा शाप जुना झाला असे वाटत असेल तर पुण्याकडे पाहा. २ फेब्रुवारी २०२४ ला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांचे 'जब वी मेट' हे परीक्षेचे नाटक चालू होते. रामलीलेत काम करणाऱ्या नटांच्या पडद्यामागच्या गमतीजमती त्यात होत्या. अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेच्या कार्यकर्त्यांनी ते बंद पाडले. धार्मिक भावना दुखावल्याचा गुन्हा दाखल झाला, विभागप्रमुख आणि पाच विद्यार्थ्यांना अटक झाली, दुसऱ्या दिवशी विभागात तोडफोड झाली. पुढे त्यांना जामीन मिळाला. परीक्षेच्या नाटकासाठी कोठडी! ज्या विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव आहे तिथे हे घडते, तर तालुक्याच्या महाविद्यालयातला तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक, ज्याची नेमणूकच नऊ-दहा महिन्यांची असते, तो जातीवरच्या एकांकिकेला 'परीक्षकांना जड जाईल' असे का म्हणतो ते समजते. तो भित्रा असेलच असे नाही. त्याला पुढच्या जूनमध्ये पुन्हा मुलाखत द्यायची असते. कायम प्राध्यापकांची रिक्त पदे आणि रंगमंचावरची भीती या दोन वेगळ्या बातम्या नाहीत.

आणि नेमक्या याच काळात आपल्या जिल्ह्याला रंगमंचाची गरज होती. ९ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. दुसऱ्याच दिवशी परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, आणि १५ डिसेंबरला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत गेला तो परत आला नाही. एका आठवड्यात, शेजारशेजारच्या दोन जिल्ह्यांत. त्यानंतर बीडमध्ये आडनाव विचारून बोलायची पद्धत रूढ झाली. मोर्चे निघाले, प्रतिमोर्चे निघाले, मोबाइलवर विष पसरले. ज्या जिल्ह्यात २००९ मध्ये अखिल भारतीय नाट्य संमेलन भरले होते, तिथे मराठा, वंजारी, बौद्ध, मातंग, मुस्लिम पोरे एका खोलीत बसून या आठवड्याबद्दल काही लिहीत आहेत, उभे करत आहेत, असे आमच्या पाहण्यात आले नाही. मोर्चात एकाच बाजूने बोलता येते. नाटकात समोरच्याचेही वाक्य लिहावे लागते, आणि ते खरे वाटेल असे लिहावे लागते. म्हणून ते मोर्चापेक्षा अवघड.

हे मराठवाड्यात होऊ शकते याचा पुरावा आहे. 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' हे २०१२ मध्ये आलेले नाटक. जालना जिल्ह्यातल्या राजकुमार तांगडे यांनी ते लिहिले, मूळचे बीड जिल्ह्यातले नंदू माधव यांनी दिग्दर्शित केले, संकल्पना आणि संगीत शाहीर संभाजी भगत यांचे. काम करणारे बरेचसे जालन्याकडचे शेतकरी तरुण. शिवाजी महाराजांना जातीच्या आणि दंगलीच्या राजकारणातून सोडवून रयतेकडे परत आणणारे हे नाटक व्यावसायिक रंगभूमीवर गाजले. ते कुठल्याही विद्यापीठाने काढले नाही, हे विद्यापीठाने मनाला लावून घ्यायला हवे. आपण त्यातून हे घ्यावे की ढोलकी, चार माणसे आणि खरी गोष्ट एवढ्यावर नाटक उभे राहते. जलसा याच जमिनीवर उभा होता.

मग करायचे काय? नव्या धोरणावर टीका करायला पुष्कळ जागा आहे, पण त्यात एक फट आहे ती वापरावी. पदवीच्या अभ्यासक्रमात सह-अभ्यासक्रम या शीर्षकाखाली सांस्कृतिक उपक्रम आणि सादरीकरणाच्या कलांना श्रेयांक आहेत. बहुतेक महाविद्यालये तिथे योगा किंवा एनएसएस दाखवून मोकळी होतात. विद्यार्थ्यांनी अर्ज करून नाटकाची मागणी केली तर तालीम ही तासाच्या वेळेत, दिवसा, श्रेयांकासह होऊ शकते. तसे झाले तर शेवटच्या एसटीचा आणि मुलींच्या परवानगीचा प्रश्न निम्मा सुटतो. विद्यार्थी संघटनांनी या एका मागणीवर जिल्ह्यातल्या पाच-सात महाविद्यालयांत जरी निवेदने दिली तरी फरक पडेल. पुतळा आणि नावाच्या आंदोलनाला जेवढी माणसे जमतात त्याच्या दहाव्या हिश्शाने काम भागेल.

दुसरी मागणी विद्यापीठाकडे. नाट्यशास्त्र विभागाच्या इतिहासाचे पहिले पान नागसेनवनाचे असावे, आणि 'युगयात्रा', 'वाटा पळवाटा', 'थांबा, रामराज्य येतंय' यांपैकी एक तरी नाटक दर वर्षी विद्यार्थ्यांनी उभे करावे. १४ जानेवारीला गेटवर जो जनसागर येतो त्याच्यासमोर त्याचा प्रयोग व्हावा. गेटवरच्या स्टेजवर आज कर्कश डीजेची आणि नेत्यांच्या भाषणांची स्पर्धा चालते. तिथे दीड तास शांत बसून नाटक पाहणारे पाच हजार लोक मिळणार नाहीत, असे आम्हाला वाटत नाही.

तिसरे काम कुणाकडे मागायचे नाही, ते आपणच करायचे आहे. १९५५ मध्ये जे विशीत होते ते आज नव्वदीच्या घरात आहेत. बीड, पाटोदा, आष्टी, धारूर, केज भागांतून नागसेनवनात शिकायला गेलेल्या पहिल्या दोन-तीन पिढ्यांतली काही माणसे अजून आहेत, काहींची मुले-नातवंडे जुन्या पेट्या सांभाळून आहेत. त्या पेट्यांत गॅदरिंगच्या पत्रिका असतील, मेकअप केलेल्या पोरांचे ग्रुप फोटो असतील, वहीत उतरवून घेतलेले संवाद असतील. वस्तीतल्या कुठल्या आजोबांनी मिलिंदला असताना कधी तोंडाला रंग लावला होता का, एवढे विचारून या. बोलले तर मोबाइलवर रेकॉर्ड करा, तारीख आणि गाव लिहा, फोटोची मागची बाजूही टिपा, कारण नावे बहुधा तिथेच लिहिलेली असतात. ऊसतोडीच्या गाड्या निघाल्या की अर्ध्या वस्त्यांना कुलूप लागते, त्याआधीच जा.